हिरव्याचं भाडं

मुंबईच्या म्हशीला ओट माहीत नाही. तिच्या दावणीत पडतं ते आरे कॉलनीतलं पॅरा गवत, भाताचा पेंढा, पालघर-मुरबाडकडचं वाळलं डोंगरी गवत, सोलापूर आणि मराठवाड्याकडून आलेला कडबा, कधी उसाचं वाढं. वरून सरकीची पेंड, चुनी आणि कोंडा. ओट म्हणजे साकीनाक्याच्या किराणा दुकानात खोक्यात मिळणारी, रक्तातली साखर वाढल्यावर डॉक्टर खायला सांगतात ती बेचव न्याहारी. तेच पीक फुलोऱ्यात असताना कापलं तर गाई-म्हशींचा रब्बीतला एक उत्तम हिरवा चारा होतो, हे मुंबईत अधूनमधून सांगणारा एक माणूस खैरानी रोडच्या एका गल्लीत राहतो आणि तबेल्यांना चारा पुरवतो. मूळचा संगमनेर तालुक्यातला. तबेलेवाले, हमाल, ड्रायव्हर सगळेच त्याला मामा म्हणतात, तेव्हा इथंही मामाच.

विशीत असताना तो साकीनाक्याला आला तो चाऱ्यासाठी नव्हे, लोखंडासाठी. या भागात तेव्हा गाळ्यागाळ्यांतून लेथ, प्रेस आणि ग्राइंडर चालायचे. तो ज्या गाळ्यात लागला तिथं कडबाकुट्टी यंत्रांची पाती धार लावायला यायची, आणि ती घेऊन यायचे तबेल्यांचे मुनीम. पात्याकडे बघून कुठल्या तबेल्यात काय कापलं जातंय हे मामा ओळखू लागला. पेंढ्यात माती असली की धार चार दिवसांत बसते. हिरव्यावर पातं टिकतं जास्त, पण चीक धुतला नाही तर कडेला गंज धरतं. पुढे मालकानं गाळा विकला, आणि पाती पोचवणारा पोरगा एका टेम्पोवाल्याच्या भागीत चारा पोचवू लागला. जागा त्या धंद्याला सोयीची. मरोळ-मरोशीकडून आरेत शिरता येतं, अंधेरी-कुर्ला रस्ता पश्चिमेला काढतो, साकीविहार रस्त्यानं पवईला आणि तिथून लिंक रोडनं पूर्व द्रुतगती मार्गावर. ही सोय नकाशावरची. 2014 साली डोक्यावरून मेट्रो धावू लागली, खाली टेम्पो जिथं अडकायचा तिथंच अजून अडकतो.

आरे हे मामाचं पहिलं गिऱ्हाईक आणि पहिली शाळा. शहरभर पसरलेले गोठे एका जागी न्यावेत म्हणून 1949 साली ही वसाहत उभी राहिली, 1951 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. त्यामागचं डोकं दारा खुरोडी यांचं. सुमारे 1,287 हेक्टर जमीन, तीसेक गोठे, सोळा हजारांच्या आसपास जनावरं. चाऱ्याच्या दृष्टीनं तिथली खरी करामत म्हणजे पॅरा गवत. गोठे धुतल्यावर शेणामुताचं जे पाणी निघतं त्यावर, पाणथळ जमिनीत, हे गवत बारमाही फुटतं. कापा, दावणीत टाका, शेण धुवा, पाणी पुन्हा गवताला. भाडं जवळपास शून्य. ओटाला हे जमणारं नाही. त्याला हवी थंडी आणि निचऱ्याची जमीन. मुंबईचा हिवाळा त्याच्या दृष्टीनं हिवाळाच नव्हे. त्यामुळे ओट मुंबईत पिकणार नाही, आलंच तर चाकांवर बसून येणार.

तसं ते एका जानेवारीत आलं. गावाकडे धाकट्या भावाच्या रानात ओटाची पहिली कापणी गोठ्याला पुरून उरली होती आणि जोगेश्वरीच्या एका तबेलेवाल्याला 'वो पंजाबवाली चीज' म्हशींना घालून बघायची हौस आली होती. संध्याकाळी कापणी, जुड्या बांधून रात्री ट्रक भरला, वर ओली पोती टाकली. गावच्या काट्यावर वजन झालं, पहाटे मुंबईच्या काट्यावर पुन्हा झालं, आणि मधल्या घाटात कुठं गळती नसतानाही आकडा खाली आला होता. मामानं ढिगात कोपरापर्यंत हात घातला. वरच्या जुड्या थंडगार, मधली ओढून काढली तर आतून वाफ. हिरवा चारा कापल्यावरही श्वास घेत असतो. दाबून भरला की स्वतःच्या उष्णतेनं तापतो, पिवळा पडायला लागतो आणि तासातासाला हलका होतो.

गोठ्यातल्या जौनपूर-आझमगडकडच्या गड्यांनी माल लगेच ओळखला. त्यांच्या गावी ही जई घरोघरी. एकानं काडी मोडून चोखून पाहिली आणि गोड आहे म्हणून मान हलवली. म्हशींनी आधी पाती ओरपली, मग काड्या, शेवटी दावणीचा तळ चाटला. संध्याकाळच्या धारेत मात्र सांगण्यासारखा फरक दिसला नाही, आणि एका दिवसात तो दिसणारही नव्हता. मालकानं पैसे चुकते केले, चहा पाजला आणि म्हणाला, "माल अच्छा है मामा, लेकिन पानी का भाड़ा मैं क्यों दूँ?"

हा प्रश्न मामाला पुढे अनेक वर्षं पुरला. पहिल्या कापणीच्या कोवळ्या ओटात शेकडा ऐंशीच्या वर पाणी असतं. म्हणजे दहा टनांच्या ट्रकमध्ये आठ टनांहून जास्त पाणी घाट उतरून येतं आणि जनावराच्या उपयोगाचा कोरडा भाग दोन टनही भरत नाही. डिझेल, ड्रायव्हर, हमाली, मुलुंडचा टोल, सगळं त्या आठ टनांवरही चढतं. (ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाचही वेशींवर हलक्या मोटारींना टोल माफ झाला तेव्हा साकीनाक्यात पेढे वाटले गेले, चाऱ्याचा ट्रक त्या माफीत बसत नाही.) म्हैस तर नळाचं पाणी पितेच. तिला ते संगमनेरहून आणून कशाला पाजायचं?

गंमत अशी की त्याच रस्त्यानं रोज रात्री दुधाचे टँकर मुंबईला येतात आणि गाईच्या दुधातही शेकडा 87 भाग पाणीच असतं. ओटात आणि दुधात पाणी जवळजवळ सारखं. पण एका पाण्याला किलोमागं तीस रुपयांच्या आसपास मूळ भाव मिळतो, दुसऱ्याला दोन-चार रुपये मिळताना मारामार. म्हणून दूध दूरवर जाऊ शकतं, हिरवा चारा जाऊ शकत नाही. हिरव्या चाऱ्याच्या पुरवठ्याबद्दल जे काही बोलायचं ते या एका हिशोबापाशी येऊन थांबतं, असं मामाचं मत आहे, आणि ते खोडून काढणारं कुणी अजून त्याला भेटलेलं नाही.

शहराला हे फार आधी कळलं होतं. 1945 च्या सुमारास मुंबई सरकारनं आणंदहून, सव्वाचारशे किलोमीटरवरून, रेल्वेनं दूध आणायला सुरुवात केली. त्या खरेदीतल्या मक्तेदारीवर चिडलेल्या खेड्यातल्या शेतकऱ्यांनी 1946 मध्ये स्वतःचा संघ काढला, त्याचं पुढे अमूल झालं. चारा जिथं आहे तिथं जनावर ठेवा आणि शहरात फक्त दूध आणा, हे गणित तिथं सिद्ध झालं. मुंबईतले तबेले मात्र ताज्या, निर्भेळ म्हशीच्या दुधाला मिळणाऱ्या चढ्या भावावर तग धरून राहिले. 1976 चा शहरी भागात जनावरं पाळण्यावर नियंत्रण आणणारा कायदा आला, तबेले पालघर जिल्ह्यातल्या दापचरीला हलवण्याचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. काही गोठे हलले, काही घटले, काहींच्या जागी टॉवर उभे राहिले. मामाच्या यादीतली नावं दर दोन-तीन वर्षांनी कमी होतात.

वाळल्या गवताचं तसं नव्हतं. ते हलकं, टिकाऊ, गाठीत बांधता येणारं. म्हणून ते शंभर-दीडशे किलोमीटरवरून शहरात येऊ शकलं. पण त्या स्वस्ताईची किंमत दुसऱ्याच कुणी मोजली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू-उंबरगाव-तलासरीच्या माळांवरचं गवत वारली मजूर कापायचे आणि ते गाठी बांधून मुंबईला यायचं. 1945 च्या ऑक्टोबरात पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मिळाले पाहिजेत या मागणीवर त्यांनी विळे खाली ठेवले. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि इतर काहीजण मारले गेले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मुळे ही हकीकत मराठी घरांत पोचली. मामानं ते पुस्तक वाचलेलं नाही, पण मुरबाडकडची गवत कापणारी माणसं दिवाळीनंतर मजुरीचा दर ठरल्याशिवाय विळा उचलत नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक आहे, आणि तो घासाघीस करत नाही.

ओटाचं खरं घर त्याच्या भावाच्या रानात आहे. संगमनेर, अकोले, राहुरी, राहाता हा पट्टा दुधाचा. गोठ्यात संकरित गाई, दहा दिवसांनी डेअरीचं बिल, आणि वर्षभर डोक्याला एकच घोर: उद्या दावणीत काय. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात संकरित नेपियर आणि मका साथ देतात. नोव्हेंबरपासून नेपियर थंडीनं आखडतं, फुटवा मंदावतो. नेमक्या त्या तीन महिन्यांत ओट जोमात असतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं याच हवामानासाठी 'फुले हरिता' आणि 'फुले सुरभी' हे वाण दिले. त्याआधी 'केंट' आणि झाशीच्या भारतीय चरागाह आणि चारा संशोधन संस्थेचा 'जेएचओ-822' चालायचे. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर ही पेरणीची वेळ, एकरी चाळीसेक किलो बी, ओळीत फूटभर अंतर. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पहिली कापणी, जमिनीपासून चार बोटं सोडून, म्हणजे खोडक्याला पुन्हा फुटवा येतो. लगेच युरिया आणि पाणी. पस्तीस-चाळीस दिवसांनी, निम्मं रान फुलोऱ्यात आलं की दुसरी. दोन्ही मिळून हेक्टरी पाचशे क्विंटलांच्या आसपास हिरवा चारा चांगल्या रानात निघतो.

भावजय धार काढते, त्यामुळे ओटावर शेवटचा शब्द तिचा. तिच्या मते ओट घातल्यावर गाई पातळ हगत नाहीत, लसूणघासासारखं पोट फुगायचं भय नाही, आणि कुट्टी न करता टाकलं तरी वाया जात नाही. एकच पथ्य ती कटाक्षानं पाळते. युरिया दिल्यावर लगेच आठवड्यात, त्यातून आभाळ आलेलं असताना किंवा पाण्याचा ताण पडलेला असताना कोवळं ओट कापायचं नाही. अशा चाऱ्यात नायट्रेट साठतं आणि गाय धापा टाकत आडवी होते. हे तिला पशुवैद्यकानं एकदा सांगितलं होतं आणि शेजारच्या वस्तीवर तिनं ते पाहिलंही होतं.

मग प्रत्येकजण ओट का पेरत नाही? एक कारण कांदा. दोघांचा हंगाम एक, पाणी एक, रान एक. कांदा लागला तर वर्षाचं कर्ज फिटतं, पडला तर रस्त्यावर ओतावा लागतो. ओट कधी लॉटरीही लावत नाही आणि बुडवतही नाही. तरण्या पोरांना पहिलं आवडतं. भाव पडतो तेव्हा पारडं फिरतं. 2024 मध्ये गाईच्या दुधाचे दर कोसळले, सरकारनं लिटरमागं पाच रुपये आणि नंतर सात रुपये अनुदान जाहीर केलं, तेव्हा या पट्ट्यातल्या गोठेवाल्यांनी सगळ्यात आधी विकतची पेंड कमी केली. पेंड कमी करायची आणि दूध टिकवायचं तर घरचा हिरवा चारा चांगलाच हवा. त्या हिवाळ्यात भावाच्या शिवारात ओटाचे पट्टे वाढलेले मामाला एसटीच्या खिडकीतून दिसले.

दुसरं कारण बी, पण त्याकडे नंतर.

मुंबईच्या बाजूनं पाहिलं तर ओटाला शहरात यायचे दोनच मार्ग उरतात: पाणी कमी करून येणं, किंवा दूध होऊन येणं. दुसऱ्यात मामाचं काही काम नाही. पहिल्यात आहे, आणि गेल्या काही वर्षांत त्याचा निम्मा धंदा त्यावरच चालतो. मुरघास, म्हणजे कुट्टी करून बॅगेत हवाबंद आंबवलेला हिरवा चारा. मुख्यतः मक्याचा, कारण मक्याच्या कणसामुळे त्यात साखर आणि ताकद असते, खोड भरीव असतं, दाबलं की हवा निघून जाते. ओटाचा मुरघास करणं जास्त नाजूक. त्याची काडी पोकळ, प्रत्येक तुकड्यात हवेची नळी. कुट्टी अर्ध्या इंचाची बारीक नसेल किंवा दाब कमी पडला तर बॅगेच्या मध्यभागी बुरशीचा निळसर गोळा सापडतो. म्हणून ओट आधी दाणा दुधाळ होईपर्यंत रानात ठेवायचं, कापून अर्धा दिवस सुकवायचं आणि मग यंत्रात घालायचं. ते तयार आहे का हे मामा मुठीनं ठरवतो. कुट्टी मुठीत घट्ट दाबायची. बोटांतून पाणी गळलं तर अजून ओली. मूठ उघडल्यावर गोळा झटकन विस्कटला तर फार कोरडी. गोळा सावकाश सुटला आणि तळहात नुसता ओलसर राहिला की भरायची. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी बॅग उघडल्यावर वास आंबूस-गोड, ताकाच्या जवळपासचा आला पाहिजे. कुजक्या लोण्याचा आला तर ती बॅग उकिरड्यावर.

यात पाणी शेकडा 65 ते 70 वर येतं. दहा टनांच्या ट्रकमध्ये कोरडा भाग तीन टनांच्या वर जातो. जोगेश्वरीच्या त्याच मालकाला मामानं हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा त्यानं मक्याचा मुरघास सुरू केला. ओटाच्या काही बॅगा तो अजूनही फक्त हिवाळा संपताना घेतो.

मुरघासाच्या बॅगांनी साकीनाक्याला आणखी एक छोटा उद्योग दिला. आतलं प्लास्टिकचं अस्तर एकदाच वापरता येतं. रिकाम्या बॅगा टेम्पोतून परत येतात आणि खैरानी रोडच्या भंगारवाल्यांकडे जातात. तिथं त्यांना भाव कमी, कारण आंबूस वास धुऊन जात नाही आणि दाणे करताना गाळाभर पसरतो. धुतलेल्या बॅगेला किलोमागं थोडे जास्त मिळतात म्हणून मामा तबेल्यातल्या पोरांना वरचे पैसे देऊन त्या धुऊन घेतो. त्या धुण्याला टँकरचं पाणी लागतं, हा भाग कुठल्याच हिशोबात धरलेला नाही.

मुरघासाहूनही पाणी कमी करायचं तर ओट वाळवून गाठी बांधायच्या. जगात ओटाचा मोठा व्यापार चालतो तो याच रूपात. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम आणि दक्षिण भागात फक्त वाळल्या चाऱ्यासाठी ओट पेरतात. फुलोऱ्यानंतर कापून रानात वाळवतात, यंत्रानं दुप्पट दाबून गाठी करतात आणि जहाजानं जपान, दक्षिण कोरिया, तैवान, चीनला पाठवतात. इतक्या लांबचं भाडं परवडतं, कारण एक तर गाठीत पाणी दहा-बारा टक्केच, आणि दुसरं म्हणजे आशियातून माल भरून आलेले कंटेनर परत जाताना रिकामेच असतात. हा व्यापार ठिसूळही आहे. 2021 च्या सुरुवातीला चीननं तिथल्या बऱ्याच निर्यातदारांच्या परवान्यांचं नूतनीकरण केलं नाही आणि गाठी गोदामांत पडून राहिल्या. दोनेक वर्षांनी वाट पुन्हा उघडली, तोवर चीननं स्वतःच्या उत्तरेकडच्या थंड प्रांतांत ओट वाढवायला घेतलं होतं.

आपल्याकडे वाळवण्याचं तंत्र भावानं करून पाहिलं. जानेवारीचं ऊन त्याला चांगलं, रात्रीचं दव वाईट. पात वाळतं तेव्हा गाठ ओलीच असते. उलथताना वाळलेलं पात झडून जातं आणि सत्त्व त्यातच जास्त. पेर वाकवल्यावर कट् असा आवाज आला की गाठ बांधायची, नाहीतर गाठीत बुरशी. दुसरी अडचण ट्रकची. सुट्या वाळल्या चाऱ्यानं ट्रकचा हौदा भरून वर शिगोशीग होतो, तरी वजन चार-पाच टनांपुढं जात नाही. हिरव्याला वजन नडतं, वाळल्याला जागा. दाबून गाठी बांधणारं यंत्र तालुक्यात भाड्यानं मिळतं, पण भाताचा पेंढा आणि सोयाबीनचा भुसा बांधण्यात त्याचे मालक गुंतलेले.

त्यातल्या काही गाठी मामा एका घोड्यांच्या पागेत दाखवायला घेऊन गेला होता. घोडा आणि ओट यांचं नातं जुनं आहे; हिंदुस्थानात ओटाची शेती वाढली तीही बरीचशी लष्करी घोड्यांसाठी. तिथल्या मोतद्दारानं गाठ सोडली, मूठभर चारा उजेडात झटकला आणि उडणारी धूळ बघत उभा राहिला. म्हैस थोडी धूळ, थोडी कुबट काडी चालवून घेते. घोड्याच्या छातीला ती चालत नाही. भाव म्हशीच्या तिप्पट सांगितला गेला, अटही तशीच: प्रत्येक गाठीत एकसारखा माल, वर्षभर. भावाच्या अर्ध्या एकरावर ते शक्य नव्हतं. मामा चहा घेऊन उठला.

मधल्या काळात एक विक्रेता साकीनाक्याच्या गाळ्यात ट्रे आणि फवाऱ्यांचं कपाट घेऊन आला होता. माती नको, रान नको, एक किलो दाण्यातून सात-आठ दिवसांत पाच-सहा किलो हिरवा चारा. गोव्यात मक्यावर हे प्रयोग सरकारी मदतीनं झाले आहेत आणि जमीन नसलेल्या गोठ्याला त्याचा थोडाफार उपयोगही आहे. मामानं ट्रेमधली पांढऱ्या मुळांची चटई उचलून पिळली, हातातून पाणी वाहिलं, आणि त्यानं विचारलं, "कोरडं वजन किती वाढलं?" ते वाढत नाही. उलट अंकुर फुटताना दाण्यातलं थोडं खर्ची पडतं.

परतीच्या भाड्याचा धडा मात्र मामानं मनावर घेतला. मुरघास उतरवून रिकामा ट्रक घाट चढला तर येण्याचं भाडं दुप्पट पडतं. आता साकीनाक्याहून ट्रक भरून जातो: कडबाकुट्टीची पाती आणि बेअरिंग, गोठ्यात अंथरायच्या रबरी चटया, पत्र्याच्या दावणी, मुरघासाच्या नव्या बॅगांची बंडलं. चारा विकण्यापेक्षा या परतीच्या मालात कधीकधी जास्त सुटतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाल्यावर कसाऱ्याचा घाट टळला, वेळ वाचला. टोल धरला तर पैसे फारसे वाचले नाहीत.

रस्ता कितीही चांगला झाला तरी तो बंद करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. 2018-19 च्या दुष्काळात आणि 2023 मध्ये पावसानं ओढ दिली तेव्हाही अनेक जिल्ह्यांत चारा जिल्ह्याबाहेर नेण्यास बंदी आली. 2019 च्या उन्हाळ्यात छावण्यांत मोठ्या जनावरामागं दिवसाला नव्वद आणि पुढं शंभर रुपये सरकार देत होतं. अशा वेळी गावचा चारा मुंबईच्या म्हशींना जाऊ द्यायचा नाही, हे लोकांना पटणारं होतं. मामालाही पटलं. त्याचं म्हणणं एवढंच की त्याच नाक्यावरून दुधाचा टँकर बिनदिक्कत बाहेर जात होता, आणि त्या टँकरमध्ये जिल्ह्याचा चारा आणि जिल्ह्याचं पाणी दोन्ही होतं.

चाऱ्याच्या तुटीचे आकडे बैठकांतून फेकले जातात, त्यांच्याबद्दलही तो सावध आहे. हिरव्या चाऱ्याची देशातली तूट झाशीच्या संस्थेच्याच जुन्या अंदाजात 35 टक्क्यांच्या वर होती, 2019 च्या अंदाजात ती 11 टक्क्यांच्या आसपास आली. वाळल्या चाऱ्याची मात्र 11 वरून 23 च्या पुढं गेली. मोजण्याची रीत बदलली की आकडा बदलतो. गोठ्यातली टंचाई वर्षाच्या सरासरीत मावत नाही. ती एप्रिलच्या मध्याला येते आणि पाऊस लागल्यावर जाते. देशात पेरणीखालच्या जमिनीचा जेमतेम चार टक्के भाग चाऱ्याला मिळतो, आणि तो वाढेल अशी चिन्हं नाहीत. त्यामुळे ओटाचं भवितव्य नव्या जमिनीवर नाही. थंडीत जास्त पिकलेलं ओट उन्हाळ्यापर्यंत टिकवता येतं का, यावर ते आहे. म्हणजे पुन्हा मुरघास, पुन्हा गाठी.

आणि बी. नेपियरचं ठोंब एकदा लावलं की काही वर्षं फिकीर नाही, शेजाऱ्याकडून फुकट मिळतं. ओटाला दर वर्षी एकरी चाळीस किलो बी विकत लागतं, आणि दोन्ही कापण्या घेतल्या की रानात बी धरत नाही. बरंचसं बी उत्तरेतून येतं. राहुरीचं मिळालं तर उत्तम, पण ते थोडं असतं आणि लवकर संपतं. दुकानातल्या गोणीवर नाव वाणाचं, आत काय ते उगवल्यावर कळतं. मामा आता साकीनाक्याहूनच गोणी मागवतो आणि गावी पाठवायच्या आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पलंगाखाली ठेवतो. पंच्याऐंशीच्या खाली मोड आले तर गोणी परत.

गेल्या हंगामात भावानं दहा गुंठे फक्त बियाण्यासाठी राखले. एक कापणी घेऊन पीक सोडून दिलं. फेब्रुवारीत ऊन तापलं, दाणा भरायला हवा तेवढा वेळ मिळाला नाही, चिमण्यांनी कडेच्या ओळी साफ केल्या, आणि पिकलेली लोंबी वेळेत न काढल्यानं काही दाणा रानातच गळाला. उरलं ते घरच्या पेरणीला पुरून वस्तीवरच्या तीन घरांना देण्याइतकं भरलं. भाव ठरवताना बरीच ओढाताण झाली. गोणीच्या बाजारभावापेक्षा कमी घ्यावा असं भावजयीचं म्हणणं, कारण ती घरं सांजसकाळ डेअरीवर भेटतात. मामानं निवडणी आणि उगवणीची हमी धरून बाजारभावच सांगितला. शेवटी बाजारभाव कायम राहिला. पैसे निम्मे पेरणीला आणि निम्मे पहिली कापणी झाल्यावर येणाऱ्या दुधाच्या बिलातून.